पहिलं मूल

तोर्शहावनच्या धक्क्यावर, बोटींच्या तिकीटघराच्या माळ्यावर
माझं टेबल. खिडकीला मीठ चढलेलं.
साल दोन हजार सहा, नोव्हेंबर.
उजेड दुपारी साडेतीनलाच आवरतं घेतो.

काम म्हटलं तर पोरखेळ:
सुदुरॉयला सुटणाऱ्या बोटींचं वेळापत्रक
एक्सएमएलच्या फाईलमधून उचलायचं, पानावर मांडायचं.
उघडलेला प्रत्येक टॅग मिटायचा,
शेवटी आत शिरला त्याने आधी बाहेर पडायचं.
आमच्या बोटीत गाड्यांचं नेमकं उलटं,
आधी चढेल ती आधी उतरते;
पण ते असो.

एका ब्राउझरला अ‍ॅक्टिव्हएक्सची हाक मारावी लागते,
मग तो आळोखेपिळोखे देत फाईल हातात घेतो.
दुसऱ्याला ती हाक कळतच नाही,
त्याचा पार्सर वेगळा, त्याची मर्जी वेगळी.
म्हणून मी दारातच विचारतो: तू तो का?
नसशील तर मग हा का?
दोघांपैकी कोणीच नसशील
तर तुझ्यासाठी माफीची एक ओळ लिहून ठेवली आहे.

इथवर सगळं ठीक.
मग दोघांना एकच प्रश्न टाकला:
या वेळापत्रकाला मुलं किती?
एक्सप्लोरर म्हणाला, तीन.
फायरफॉक्स म्हणाला, सात.

फाईल तीच. बोटी तीनच:
सकाळची, दुपारची, रात्रीची.

दोन दिवस गेले ती वरची चार शोधण्यात.
ती निघाली मोकळी जागा.
मीच मारलेले एंटर,
डोळ्यांना बरं म्हणून सोडलेली दोन-दोन घरं.
फायरफॉक्स प्रत्येक कोऱ्या तुकड्याला
मूल म्हणून हिशेबात धरतो,
आणि पहिलं मूल मागितलं
तर तळहातावर रिकामंच ठेवतो.
एक्सप्लोरर तेच रिकामं गिळून बसतो.
वर हूं नाही की चूं नाही.

खाली जेवताना मी हे रंगवून सांगत होतो.
सुन्नेवा तिकिटं विकते,
तिचा नवरा हानुस धक्क्यावर दोर धरतो.
क्लाक्सविकहून नवी आलेली बार्बा हसली,
हसता हसता सहज वळून म्हणाली,
मग तुम्हाला किती मुलं?

दोन, हानुस म्हणाला.
तीन, सुन्नेवा म्हणाली.

एकाच दमात, एकमेकांवर आदळत.
मग हानुस पाव कापत राहिला,
लागणार नव्हता इतका.
बार्बाने मीठ मागितलं. मीठ तिच्या पुढ्यातच होतं.

वर येऊन मी एका ओळीत तोड काढली:
नोडचा प्रकार एक नसेल तर पुढे जा.
दोघंही मुकाट तीनवर आले.
ऑपेरात पाहिलं, सफारीत पाहिलं, तीन.
साहेबांना कळवलं, झालं म्हणून.

त्या ओळीच्या डोक्यावर एक टीप लिहिली:
इथे चार जागा आहेत.
वगळल्या आहेत. नाहीत असं नाही.
टिपा कुठलाच ब्राउझर वाचत नाही.
वाचणारा पुढे कधी आलाच
तर तो मला वेडा म्हणेल, म्हणो.

सहा वाजता वारा फिरला.
जिन्याखालून सुन्नेवाने आवाज दिला,
रात्रीची बोट रद्द, काढून टाक.
काचेतून दिसत होता हानुस,
पिवळ्या कोटात, न सुटलेला दोर पुन्हा आवळताना.

मी फाईल उघडली.
तिसरा टॅग काढला, उघडणारा, मिटणारा,
मधली वेळ, बंदराचं नाव, सगळं.
ओळ मात्र मिटवली नाही.
ती तशीच ठेवली, कोरी,
आणि फाईल सेव्ह केली.